झाड पाडण्याआधी

घराजवळ मोठे झाड असले की सावली मिळते, फळे मिळतात. पण झाडही म्हातारे होते. बुंधा पोखरतो. फांद्या वाळतात. वादळात ते घरावर येईल, अशी भीती वाटू लागते. मग घरचे लोक म्हणतात, "चला, पाडून टाकू."

पाडायचे तर पाडावे. पण घाई करू नये.

आमच्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने बांधावरची बाभूळ तोडायला घेतली. बाभूळ ओढ्याकडे कललेली होती. गडी कुऱ्हाडीत तरबेज. त्याला वाटले, कललेलीच आहे, मागून घाव घातले की पडेल आपोआप. तो मागच्या बाजूने घाव घालत राहिला. अर्धे खोडही तुटले नव्हते, तोच कडाड आवाज झाला. खोड उभे चिरले. अर्धी फाक मागे उसळली आणि गड्याच्या मांडीवर बसली. हाड मोडले. त्या साली पेरणी त्याच्या बायकोने एकटीने उरकली.

तो म्हणाला, "वीस वर्षं कुऱ्हाड धरतोय. असं कधी झालं नव्हतं."

मग आताच का झाले? कललेल्या झाडाचा भार एका बाजूला असतो. मागची बाजू ताणलेली असते. पडायच्या बाजूला खाच नसेल, तर खोडाला वाकायला जागा मिळत नाही. मग ते मोडत नाही, उभे फाटते.

हे टाळता येते. कसे, ते आपण पाहू.

आधी डोळे, मग कुऱ्हाड

झाडाभोवती एक फेरी मारावी. झाड कोणीकडे कलले आहे? जड फांद्या कोणत्या अंगाला आहेत? वर वाळकी फांदी लटकते आहे का? मोहोळ आहे का? कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा ठोकावा. पोकळ आवाज आला, तर झाड आतून पोखरलेले आहे असे समजावे.

विजेची तार जवळ असेल, तर झाडाला हात लावू नये. आधी वीज कंपनीला कळवावे. तार बंद झाल्याशिवाय काम सुरू करू नये.

सोसाट्याचा वारा असेल, तर त्या दिवशी काम नको.

झाड किती लांब पडेल?

एक सरळ काठी घ्या. हात पुढे ताणून ती उभी धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर ठेवा. आता मागे मागे चला. काठीचे टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याला लागलेली दिसली की थांबा. जमीन सपाट असेल, तर तुमच्यापासून झाडापर्यंत जेवढे अंतर, तेवढी झाडाची उंची.

त्या उंचीच्या दुप्पट अंतरात मुले, गुरे, बघे कोणी नको. दोर ओढणारेही त्या बाहेरच हवेत. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये.

खाच आणि बिजागरी

ज्या बाजूला झाड पाडायचे, त्या बाजूला आधी खाच घ्यावी. खाच खोडाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटे वर, करवत लावावी. पण आरपार कापू नये. मध्ये लाकडाची एक पट्टी राखावी. दोन फूट जाडीचे खोड असेल, तर सुमारे अडीच इंच पट्टी राखावी.

ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी असते. दार जसे बिजागरीवर वळते, तसे झाड पट्टीवर वळून खाचेच्या बाजूला पडते. पट्टी तुटली, तर झाड कोणीकडे जाईल याचा नेम नाही.

करवत अडकू नये म्हणून तिच्या मागे लाकडी पाचर ठोकावी.

पळायची वाट

पहिला घाव घालण्याआधी मागच्या दोन्ही बाजूंना तिरप्या वाटा साफ कराव्यात. झाड कलायला लागले की करवत तिथेच सोडावी आणि तिरपे मागे निघून जावे. सरळ मागे जाऊ नये. बुंधा मागे उसळतो.

झाड दुसऱ्या झाडावर अडकले, तर त्याच्या खाली कोणी जाऊ नये. जाणत्या माणसाला बोलवावे.

झाड फार कललेले असेल, पोकळ असेल किंवा घरावर आलेले असेल, तर ते काम आपले नव्हे. चार पैसे जातील, पण जाणत्या लाकूडतोड्याकडून आधी फांद्या उतरवून घ्याव्यात.

कायदाही पाहावा

महाराष्ट्रात झाडे तोडण्याविषयी १९६४ सालचा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर अशी झाडे आपल्या मालकीची असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वन खात्याच्या कचेरीत आधी विचारावे.

बाभळीखाली पाय मोडलेला तो शेतकरी आता लंगडत चालतो. अजूनही लोक त्याला झाड पाडायला बोलावतात. तो येतो, कुऱ्हाड खाली ठेवतो आणि आधी झाडाभोवती फेरी मारतो. पोरे हसतात. तो म्हणतो, "हसा. पण तिकडं लांब उभं राहून हसा."

सांगा पाहू

१. बाभळीचे खोड उभे का चिरले?
२. खोडात लाकडाची पट्टी का राखायची?
३. झाड पडू लागले की कोणत्या वाटेने निघायचे?
४. तुमच्या घराजवळच्या झाडाची उंची काठीने मोजा. ते पडले, तर कुठवर येईल?