गुडघ्याचे ऑपरेशन : रोजावर की उक्ते?

विहीर खणायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, काम रोजावर द्यायचे की उक्ते? रोजावर दिले तर दिवस वाढतील तसा पैसा वाढतो. उक्ते दिले तर रक्कम आधीच ठरते. मग खाली मुरूम लागो की कातळ!

दवाखान्यातही हेच दोन प्रकार आहेत. समजा, म्हातारीचा गुडघा झिजला. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल. रोजावरच्या हिशेबात खाटेचे भाडे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, औषधे वेगळी. शिवाय कृत्रिम सांधा. तो तर फारच महाग होता. २०१७ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने त्याच्या किमतीला आळा घातला. दीड लाखाच्या वर विकला जाणारा नेहमीच्या वापरातला सांधा ५४,७२० रुपयांवर आला. तरीही बाकीचे बिल किती होईल, हे आधी कळत नाही. मग मेंढरे विकायची पाळी येते.

उक्त्याला दवाखान्यात 'पॅकेज' म्हणतात. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना अशीच चालते. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात साऱ्या राज्यात, म्हणजे आपल्या माणातही आली. २०१७ साली तिचे नाव बदलले. प्रत्येक ऑपरेशनची रक्कम यात आधीच ठरलेली असते. खाट, डॉक्टर, भूल, तपासण्या, औषधे, रोग्याचे जेवण, सारे त्यातच. रोग्याने वेगळे पैसे द्यायचे नाहीत. मात्र दवाखाना योजनेतला हवा. तिथे आरोग्यमित्र बसतो. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन आधी त्याला गाठावे.

आता उक्त्याची खोडही सांगतो. उक्तेवाला घाई करतो, हे आपण जाणतोच. रक्कम ठरलेली, तेव्हा रोगी लवकर घरी गेला तर दवाखान्याचा खर्च वाचतो. अमेरिकेत यावर एक तोड काढली होती. २०१६ ते २०२४ या काळात तिथल्या अनेक दवाखान्यांना सांधा बदलल्यावर घरी सोडल्यापासून ९० दिवसांच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागे. जखम चिघळली, रोगी परत आला, तर तेही त्याच हिशेबात धरत.

आपल्याकडे घरी आल्यावरची औषधे पॅकेजात थोडेच दिवस मिळतात. गुडघ्याचा व्यायाम तर कित्येक आठवडे करावा लागतो. तो केला नाही तर नवा गुडघाही नीट वाकत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या : टाके कोण काढणार? व्यायाम कोण शिकवणार? पाय सुजला, ताप आला, तर कोणाकडे यायचे, आणि त्याचे पैसे पडतील का?