औषधाआधी रक्ताची तपासणी

कापूस वेचणीच्या दिवसांत इस्लापूरच्याच एक बाई हातात कागद घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. नवऱ्याला आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झाले होते. आता केमो द्यायचे होते. केमो म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारे औषध.

“गुर्जी, डॉक्टर म्हणतात आधी रगत तपासा. आठ-दहा दिवस थांबा. पैसे जातील ते जातील, पण तोवर आजार वाढला तर? इतक्यांदा रगत काढलं, आता आणिक कशाला?”

प्रश्न रास्त होता. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. कागदावर ‘डीपीवायडी’ लिहिले होते, ते मला काय कळणार? किनवटच्या एका डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनी सांगितले ते येथे लिहितो. वाचकहो, सावकाश वाचा.

आपले गावतळे पाहा. पाटाने पाणी येते, जास्तीचे सांडव्यावाटे निघून जाते. सांडवा बुजला तर? पाणी नेहमीइतकेच आले तरी तळे फुटते.

फाइव्ह-एफयू नावाचे औषध १९५७ साली अमेरिकेत निघाले. आतडे, जठर, अन्ननलिका, तोंड व घसा यांच्या कॅन्सरवर ते आजही देतात. ते सलाईनमधून देतात. त्याच्याच जातीच्या गोळ्या मिळतात, त्यांचे नाव कॅपेसिटाबिन. अंगात गेल्यावर त्यांचेही फाइव्ह-एफयूच बनते. या औषधाचा शंभरातला ऐंशी भाग यकृत मोडून टाकते. बकऱ्याचे जे काळीज म्हणतो, तेच माणसाचे यकृत. मोडण्याचे हे काम तेथले एक विकर करते. विकर म्हणजे काय? भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना? ते लाळेतल्या विकराचे काम. यकृतातल्या या विकराचे नाव डीपीडी. तोच औषधाचा सांडवा.

काही माणसांत डीपीडी जन्मापासून कमी असते. क्वचित कोणात मुळीच नसते. एरवी त्यांना काही जाणवत नाही. शेतात राबतात, धडधाकट असतात. हे औषध घेतल्यावर मात्र ते अंगात साचते आणि चांगल्या पेशीही मारते. तोंड आतून सोलून निघते, जुलाब थांबत नाहीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून ताप भरतो. माणूस दगावूही शकतो.

आमच्या ओळखीचे एक काका असेच गेले. पहिल्या केमोनंतर पाचव्या दिवशी तोंड आले. औषधाची उष्णता म्हणून घरच्यांनी ताक-गुलकंद देत चार दिवस घरीच ठेवले. मलाही तेव्हा उष्णताच वाटली होती. त्यांना हीच कमतरता होती का, हे आता कोण सांगणार? तपासलेच नव्हते.

तपासणीला थोडे रक्त पुरते. युरोपात शंभरात तीन ते आठ माणसांत हे विकर कमी आढळते. फ्रान्सने ही तपासणी सक्तीची केली. २०२० साली युरोपच्या औषध खात्यानेही औषधाआधी तपासा असे सांगितले. आपल्याकडे सगळीकडे ती आपोआप होत नाही. आपणच विचारावे, त्यात लाज कसली!

विकर कमी निघाले म्हणजे औषध बंद, असे नाही. साधारण अर्ध्या मात्रेने सुरुवात करतात आणि सोसले तर वाढवतात. मुळीच नसेल तर दुसरा उपाय करतात. पण तपासणी चांगली आली तरी निर्धास्त राहू नका. ती सगळेच दोष पकडत नाही. तोंड आले, जुलाब लागले, ताप आला, की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळ्या चालू असतील तर पुढची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

राहिला थांबण्याचा प्रश्न. ऑपरेशनची जखम भरून येईपर्यंत काही आठवडे जातातच. तेवढ्यात तपासणी उरकते. बाईंना हे पटले. रक्त दिले. विकर कमी निघाले. डॉक्टरांनी मात्रा अर्धी धरली. तोंड थोडे आले, पण जेवण सुटले नाही.

परवा त्यांचे दीर भेटले. म्हणाले, “गुर्जी, मी तर धडधाकट. मला काय त्याचं?” मी म्हटले, ही कमतरता आईबापांकडून येते, भावाबहिणींतही असू शकते. कधी हे औषध घ्यायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना आधी भावाचा कागद दाखवा. त्यांनी त्या कागदाची एक नक्कल काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.