ताळेबंदावरून धंद्याचे मोल कसे ठरवावे

बैल विकत घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो आणि जोताला लावून चार पावले चालविल्याशिवाय सौदा पुरा करीत नाही. तोच शेतकरी एखाद्या कंपनीचा अथवा संस्थेचा भाग घेताना मात्र अर्जावर सही करून मोकळा होतो. बैल पारखण्याची विद्या त्याला वडिलांकडून मिळालेली असते. ताळेबंद पारखण्याची विद्या कोणी दिलेली नसते, एवढेच याचे कारण होय. वास्तविक ही विद्या अवघड नाही. बेरीज, वजाबाकी आणि थोडा संशय एवढ्या भांडवलावर ती साध्य होते.

पनवेल तालुक्यातील खारघर व त्याच्या आसपासच्या गावांत या विद्येची निकड विशेष आहे. १९७० साली सिडको ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. खारघर हे त्यांपैकीच एक गाव. खाडीचे पाणी बांधाने अडवून जेथे पिढ्यानपिढ्या भात पिकविले गेले, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. जमिनीचा मोबदला आणि पुढे साडेबारा टक्के योजनेतून मिळालेले भूखंड यांतून जो पैसा हाती आला, तो बँकांच्या ठेवींत, पतसंस्थांत, कंपन्यांच्या भागांत व भागीदारीच्या धंद्यांत जाणे स्वाभाविकच होते. शेताची राखण बांधावर बसून करता येते. कागदात गेलेल्या पैशाची राखण कागद वाचूनच करावी लागते. तालुक्यात जे आजही भातशेती करतात, त्यांच्याकडेही भातगिरण्यांचे व शेतकरी उत्पादक कंपन्यांचे भाग घेण्याविषयी विचारणा होत असते. तेव्हा हा विषय दोघांच्याही उपयोगाचा आहे.

कोणत्याही कंपनीच्या वार्षिक अहवालात तीन पत्रके मुख्य असतात. ताळेबंद हा एका दिवसाचा असतो, बहुधा ३१ मार्चचा. त्या दिवशी धंद्यापाशी काय काय आहे आणि तो कोणाचे किती देणे लागतो, हे त्यात मांडलेले असते. नफा-तोटा पत्रक हे सबंध वर्षाचे असते. तिसरे रोख प्रवाहाचे पत्रक. वर्षभरात रोकड कोठून आली व कोठे गेली, ते यातून कळते. लहान कंपन्यांना कायद्याने या तिसऱ्या पत्रकापासून सूट मिळू शकते, परंतु मागील व चालू वर्षाचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून ते कोणासही घरी तयार करता येते. कणगीतील भात दिवाळीनंतर मोजले तर घर संपन्न दिसते आणि ज्येष्ठात मोजले तर दरिद्री दिसते. घर मात्र तेच असते. म्हणून एका दिवसाच्या ताळेबंदावर विसंबून राहणे इष्ट नव्हे. तीन ते पाच वर्षांची पत्रके एकत्र पाहावीत.

समजण्यासाठी एक काल्पनिक भातगिरणी घेऊ. तिच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस जमीन ४ लाख रुपये, इमारत १८ लाख, यंत्रे २२ लाख, भात व तांदळाचा साठा २४ लाख, व्यापाऱ्यांकडून येणे २० लाख आणि बँकेतील शिल्लक व रोकड २ लाख अशी नोंद आहे. एकूण ९० लाख. दुसऱ्या बाजूस भागभांडवल २० लाख, राखीव निधी ६ लाख, मुदत कर्ज २२ लाख, खेळत्या भांडवलासाठी घेतलेले बँकेचे कर्ज २८ लाख आणि इतर देणी १४ लाख. तेही ९० लाख. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा, अशी एक समजूत खेड्यापाड्यांत आढळते. ती चुकीची आहे. दोन्ही बाजू जुळल्या यावरून नोंदींची बेरीज जुळली एवढेच सिद्ध होते. नोंदी खऱ्या आहेत हे सिद्ध होत नाही.

भागधारकांचे स्वतःचे म्हणावे असे यात भागभांडवल आणि राखीव निधी मिळून २६ लाख आहेत. भाग १०० रुपयांचा धरल्यास २०,००० भाग होतात आणि प्रत्येक भागाची पुस्तकी किंमत १३० रुपये येते. संचालक मंडळ नवे भाग १३० रुपयांनी देऊ करीत आहे, असे समजू. शंभराचा भाग एकशेतीसचा झाला, ही गोष्ट सभेत टाळ्यांच्या गजरात सांगितली जाते. घेणाऱ्याने अशा वेळी एकेका नोंदीपाशी थांबून दोनच प्रश्न विचारावेत : ही वस्तू आज विकली तर काय येईल, आणि ते केव्हा हाती येईल?

येणे असलेल्या २० लाखांपैकी ८ लाख वर्षाहून अधिक काळ थकलेले असून ते दोनच व्यापाऱ्यांकडे आहेत, असे टिपणांत आढळले. असे येणे वसूल होईल, असे धरून चालणे धोक्याचे. साठ्यात मागील हंगामाचे कीड लागलेले भात आणि कणी आहे, तरीही किंमत चांगल्या भाताच्या खरेदीभावाने लावलेली आहे. हिशेबाचा नियम असा की, साठा खरेदीची किंमत अथवा विकून येणारी किंमत यांपैकी जी कमी असेल त्या किमतीने दाखवावा. त्याप्रमाणे पाहता ५ लाख कमी होतात. या दोन दुरुस्त्या केल्या की २६ लाखांचे १३ लाख उरतात आणि १३० रुपयांचा भाग ६५ रुपयांवर येतो.

याच दुरुस्त्यांनी आणखी एक गोष्ट उघडी पडते. साठा, येणे व रोकड मिळून ४६ लाख, आणि वर्षाच्या आत द्यावयाची देणी ४२ लाख, असे वरवर पाहता गिरणी निर्वेध दिसत होती. आता ४६ चे ३३ झाले. ४२ लाख द्यावयाचे आणि हाताशी ३३ लाख, अशा स्थितीत भात घालणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे लांबणीवर पडतात. पहिला ताण नेहमी त्याच्यावरच येतो, कारण बँक थांबत नाही.

खार जमीन पावसाळ्यात पाहिली तर चांगल्या जमिनीसारखीच दिसते. पाण्याने क्षार खाली धुऊन गेलेले असतात. उन्हाळ्यात तेच क्षार वर येऊन पांढरे पडतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारखे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले, ते जमिनीचा हा दोष ध्यानात घेऊनच. थकलेले येणे व न खपणारा साठा हे ताळेबंदातील क्षार होत. भरभराटीच्या वर्षात ते दिसत नाहीत.

आता जमिनीच्या नोंदीकडे वळू. खारघरच्या वाचकास ही नोंद सर्वांत अधिक शिकवील. हिशेबाच्या रूढ पद्धतीत जमीन तिच्या मूळ खरेदीच्या किमतीनेच दाखविली जाते. इमारतीवर व यंत्रांवर दरवर्षी घसारा धरतात, जमिनीवर धरीत नाहीत. आणि तिचा भाव वाढला तरी पुस्तकातील आकडा आपोआप वाढत नाही. खारघरसारख्या ठिकाणी भातखाचर असताना घेतलेली जमीन पुढे शहराच्या मध्यावर आली, तरी वहीत ती भातखाचराच्याच भावाने पडून असू शकते. म्हणजे ताळेबंद जसा धंद्याचे मोल फुगवून दाखवितो, तसा ते दडवूनही ठेवू शकतो. जुन्या गिरणीचे किंवा कारखान्याचे भाग जमिनीच्या लोभाने स्वस्तात गोळा करणारे लोक नेमकी हीच नोंद वाचतात. अडाणी भागधारक ती वाचीत नाही आणि १०० रुपयांचा भाग १०० रुपयांस देऊन टाकतो.

उदाहरणातील ४ लाखांची जमीन आज १४ लाखांची आहे असे धरले, तर १३ लाखांत १० लाखांची भर पडून भागाची किंमत ११५ रुपये होते. परंतु येथे विचार करणे अवश्य आहे. गिरणी चालू ठेवावयाची तर जमीन विकता येत नाही. गिरणी बंद करून विकावयाची तर जमिनीचे पैसे येतील, पण मोडीत निघालेल्या यंत्रांचे २२ लाख येणार नाहीत, आणि जे येईल त्यातून बँक आपले कर्ज प्रथम वसूल करील. शिवाय जमीन मालकीची आहे की पट्ट्याची, हे तपासावे. सिडकोच्या मूळ पद्धतीत भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जात. अशा भूखंडाचे मोल करताना पट्ट्याच्या अटी व उरलेली वर्षे पाहावी लागतात. काही कंपन्या जमिनीचे नवे मूल्यांकन करून वाढीव रक्कम पुनर्मूल्यांकन निधी या नावाने राखीव निधीत दाखवितात. ती वाढ कागदावरची होय; तिच्यातून लाभांश वाटता येत नाही.

चालू धंद्याचे खरे मोल त्याच्या मिळकतीवरून ठरते. गिरणीची वर्षाची विक्री १६० लाख आणि अनुदान ४ लाख, मिळून १६४ लाख. खरेदी, मजुरी, वीज व वाहतूक १५१ लाख, घसारा ५ लाख, व्याज ५ लाख, मिळून १६१ लाख. नफा ३ लाख. आता बँकेत ठेव ठेवण्यापेक्षा अशा धंद्यात जोखीम अधिक, म्हणून घेणाऱ्यास निदान १२ टक्के सुटावेत असे मानले, तर दरसाल ३ लाख देणाऱ्या धंद्याची किंमत २५ लाख होते. ती पुस्तकी किमतीच्या जवळ आहे, म्हणून मन निश्चिंत होते. परंतु अनुदान एकदाच मिळणारे आहे. ते वगळले की ३ लाखांचा नफा जाऊन १ लाखाचा तोटा उरतो. आणि शिल्लक साठ्याची किंमत जितकी वाढवून लिहावी, तितकाच नफाही वाढतो, हे गणित फार थोड्यांच्या लक्षात येते. वर सांगितलेले ५ लाख साठ्यातून कमी केले, तर तेवढेच नफ्यातूनही कमी होतात.

रोकडीचा हिशेब या संशयास दुजोरा देतो. ३ लाख नफा आणि रोखीने न जाणारा ५ लाखांचा घसारा मिळून ८ लाख रुपये हाती यावयास हवे होते. पण वर्षात उधारी ७ लाखांनी व साठा ४ लाखांनी वाढला, देणी केवळ १ लाखाने वाढली. म्हणजे ८ लाख येण्याऐवजी २ लाख गेले. ही तूट बँकेच्या वाढीव कर्जाने भरून काढली. अशी गिरणी लाभांश जाहीर करते तेव्हा तो व्याजाने काढलेला पैसा असतो. तात्पर्य, मिळकतीवरून पाहा, दुरुस्त मालमत्तेवरून पाहा अथवा जमिनीची वाढ धरून पाहा, या भागासाठी १३० रुपये मोजण्यास कोठेही आधार सापडत नाही.

बँक व पतसंस्था यांचा ताळेबंद उलटा वाचावा लागतो. तेथे ठेवी हे देणे असते आणि दिलेली कर्जे ही मालमत्ता. म्हणून ठेवी किती वाढल्या यापेक्षा कर्जांपैकी किती थकली हे आधी पाहावे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्या वेळी दिलेली कारणे मोजक्या शब्दांत होती : बँकेपाशी पुरेसे भांडवल नाही, उत्पन्नाची शक्यता नाही, आणि आहे त्या स्थितीत ती ठेवीदारांचे सर्व पैसे परत करू शकणार नाही. वर गिरणीसाठी केलेली तपासणी हीच होय. भांडवल ताळेबंदातून आणि उत्पन्न नफा-तोटा पत्रकातून. ठेव विम्यामुळे ९५ टक्के ठेवीदारांस पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. ४ फेब्रुवारी २०२० पासून हा विमा एका बँकेत एका ठेवीदारास ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. उरलेले ५ टक्के ते मोठ्या ठेवींचे धनी. भूसंपादनाचा मोबदला एकाच बँकेत ठेवणारे कुटुंब त्यांच्यात सहज सापडते. बँकेच्या भागांस हा विमा लागू नाही आणि पतसंस्थेतील ठेवींसही नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट थोडी निराळी आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेल्या या प्रकारात सभासदाचा भाग बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या संमतीने दुसऱ्या सक्रिय सभासदास तो दर्शनी किमतीनेच द्यावयाचा असतो. त्यामुळे भाग महाग होण्याची वाट पाहणे व्यर्थ. कंपनीने सभासदाच्या भाताला गावच्या व्यापाऱ्यापेक्षा क्विंटलमागे किती अधिक दिले, पैसे किती दिवसांत दिले आणि अनुदानाची वर्षे संपल्यावर तिचा खर्च तिच्याच उत्पन्नातून भागेल काय, या तीन गोष्टींवरून तिचे मोल करावे.

कागद मिळविणे हा सभासदाचा हक्क आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदास शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रक संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येते. उत्पादक कंपनीस वार्षिक सभेची सूचना किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित पत्रके धाडावी लागतात. इतर कंपन्यांची दाखल पत्रके केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे फी भरून पाहावयास मिळतात. पत्रके हाती आल्यावर प्रथम लेखापरीक्षकाचा अहवाल काढावा आणि त्यात ‘याखेरीज’, ‘अधीन राहून’ अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्ये शोधावीत. मग शेवटची टिपणे पाहावीत, कारण कोर्टातील दावे, दिलेल्या हमी आणि संचालकांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार तेथेच लिहिलेले असतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणता भाग घ्यावा वा घेऊ नये, हे सांगण्याच्या भरीस पडू नये. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. तेव्हा भात पोटरीत अथवा निसवण्याच्या अवस्थेत असून शेतावरील कामाचा जोर ओसरलेला असतो. सभेपूर्वी एका संध्याकाळी दहा-पंधरा सभासदांना बसवून मागील तीन वर्षांचे ताळेबंद मोठ्याने वाचावेत, थकीत येणे, साठा व कर्ज यांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत आणि जो आकडा कोणासच उलगडला नाही, तो प्रश्न म्हणून लिहून संस्थेच्या कार्यालयात सभेच्या आधी लेखी द्यावा.