शेणाचा हिशेब

विहिरीच्या पाण्याला वास नव्हता, ते गढूळ नव्हतं, चवही नेहमीचीच होती. धाकट्या जावेचं अंगावरचं दूध कमी पडत होतं, म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू केलं होतं. ते कोणत्या पाण्यात कालवता, असं आशाताईंनी विचारलं आणि जाताना पाण्याची बाटली भरून नेली. तपासणीत नायट्रेट लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या पुढे निघालं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे, आणि दुसरं पाणी मिळत नसलं तरी त्यात सवलत नाही. अगदी तान्ह्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू लागतं. आमचं बाळ सुखरूप राहिलं, कारण पाणी त्याच दिवशी बदललं. सासूबाईंनी मात्र चुलीवर पातेलं चढवलं होतं, उकळून देऊ म्हणून. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटेल तसं ते उलट दाट होतं.

पहिलं बोट युरियाकडे गेलं. उसाला युरिया पडतो हे खरंच आहे. पण उसाच्या कडेची दुसरी विहीर तपासली तर ती मर्यादेत होती. वाईट होती ती गोठ्याखालची.

सासऱ्यांच्या काळात दावणीला चार जनावरं असायची. आज बावीस संकरित गायी आहेत, आणि जमीन तीच, तीन एकर. उकिरडाही तिथेच राहिला, विहिरीच्या वरच्या अंगाला, कारण तिथून पाटी टाकायला जवळ पडतं. शेण आम्ही बायका काढतो, त्यामुळे जवळ पडणं म्हणजे काय ते आम्हालाच विचारा. एक गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते आणि दहा-पंधरा लिटर मुतते. बावीस गायींचं वर्षाचं धरलं तर दीडशे टनांच्या वर शेण आणि लाखभर लिटर मूत. तीन एकरांना एवढं पचत नाही.

हे सगळं येतं कुठून, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा सुचला. सरकी पेंड कापसाच्या मुलखातून येते, गोळी पेंड कारखान्यातून, मक्याचा मुरघास शेजारच्या तालुक्यातून. ट्रॉलीमागून ट्रॉली आत येते आणि बाहेर जातं फक्त दूध. गाय चाऱ्यातल्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा दुधात उतरवते, बाकीचा मागच्या बाजूने टाकते. म्हणजे दुसऱ्यांच्या दहा-वीस एकरांचं नत्र आमच्या विहिरीच्या काठावर येऊन साठत होतं. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. अशा जमिनीत ते खाली उतरायला वेळ लागत नाही. म्हणून नवा गोठा घालणाऱ्याला मी आधी दुधाचा भाव विचारत नाही. शेण टाकायला जमीन किती आहे, स्वतःची किंवा नेणाऱ्या शेजाऱ्याची, एवढंच विचारते.

शेणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मुताकडे कोणाचंच नसतं. खरं तर गाय टाकते त्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र मुतात असतं, पेंड जास्त असेल तर निम्म्याहूनही जास्त. सकाळी गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरतात तो अमोनिया, म्हणजे हवेत चाललेलं खत. उरलेलं गटारातून ओढ्याला किंवा थेट मुरमात. गायींच्या मागच्या बाजूला कोब्याचा उतार, पन्हळ आणि तिच्या टोकाला सिमेंटची न गळणारी टाकी, एवढं आधी करा. आणि गोठा धुण्याआधी खरडा. नळी लावून शेण वाहवत नेलं की काम झटकन होतं, पण एका पाटीच्या शेणाचं दहा बादल्या पातळ राडं होतं, आणि ते कोणी नेत नाही. छपराच्या पन्हळीचं पावसाचं पाणी उकिरड्यावर पडू देऊ नका, ते वेगळं काढा. आमच्याकडे हे सगळ्यात स्वस्तात झालं आणि फरकही त्यानेच जास्त पडला. उकिरडा विहीर आणि ओढ्यापासून लांब, खालच्या अंगाला, तळ कोबा केलेला आणि वर पत्रा असलेला हवा. पत्रा परवडत नसेल तर पावसाळ्यात जाड प्लास्टिकच्या कागदाने तरी झाका.

आमच्या भागात धनगर येतात तेव्हा शेतात मेंढरं बसवायची रीत आहे. रात्रभर लेंड्या आणि मूत जिथे हवं तिथेच पडतं, ना गाडी ना पाटी. सासरे त्यासाठी धान्य मोजायचे. वाहतुकीत जे हरवतं त्याची किंमत त्यांना माझ्याआधी कळली होती.

दुसरी वाईट सवय शेतातली. वैशाखात शेणखताच्या ट्रॉल्या रानात रित्या होतात आणि छोटे छोटे ढीग पहिल्या पावसापर्यंत उन्हात पडून राहतात. गावोगाव हेच दिसतं. त्या महिनाभरात बरंचसं नत्र उडून जातं आणि वळवाचा जोरदार पाऊस आला तर वरचं ओढ्याला जातं. खत ज्या दिवशी रानात न्याल त्याच दिवशी पसरा आणि कुळवाने मातीआड करा. कच्चं शेण तर टाकूच नका. तणाचं बी येतं आणि हुमणीला आयतं घर मिळतं. उसात हुमणी लागली की खताचे वाचवलेले पैसे कुठच्या कुठे जातात.

आणि टाकलं की मोजा. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, म्हणजे टनाला पाच किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर. चार टन शेणखतात साधारण एका गोणीचं नत्र असतं, पण ते हळूहळू सुटतं, पहिल्याच पिकाला सगळं मिळत नाही. तेवढं लक्षात घेऊन युरिया कमी करायचा असतो. दोन्ही पुरेपूर टाकणारा दोनदा पैसे घालतो आणि वरचं विहिरीत सोडतो. माझे दीर अजूनही हे मानत नाहीत. माती परीक्षणाचा कागद दाखवला की गप्प होतात, पेरणी आली की पुन्हा गोण्या आणतात.

शेण जिरवायचे मार्ग पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे काडीकचरा भरपूर आणि शेण थोडं, त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत बसवून दिली. जाळीदार विटांच्या हौदात शंभरेक किलो शेणावर चौदा-पंधराशे किलो कचरा कुजतो, तीन-चार महिन्यांत. आमचं उलट, शेण उदंड. आम्ही बायोगॅस घातला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं आणि घराची चूल चालते. पण गॅस निघाला म्हणजे नत्र संपलं, असा गैरसमज करून घेऊ नका. ते संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्लरीत तसंच असतं, उलट लवकर उडणाऱ्या रूपात. स्लरी उन्हात वाळवली तर मेहनत हवेत जाते. आम्ही ती उसाच्या पाचटावर थर देऊन कुजवतो, आणि जास्तीचं खत दोन मळेवाल्यांना देतो. ठराव असा की ट्रॉली त्यांची, भरून देणं आमचं. पैसे थोडे मिळतात, पण खत वस्तीबाहेर जातं हे मला पैशापेक्षा मोठं वाटतं.

विहीर अजून ४५ च्या खाली आलेली नाही. मुरमात साठलेलं दर पावसाळ्यात थोडं थोडं उतरतच असतं. पिण्याला नळाचं पाणी आणि विहीर भिजवणीला, असं चाललंय. पाणी वर्षातून दोनदा तपासा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. एकदा चांगलं आलं म्हणून सोडू नका.

स्लरीच्या खड्ड्याबद्दल मात्र हयगय नको. २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्याच नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी, शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण दगावले. कंबरेला दोर बांधलेला एक जण तेवढा वाचला. कुजणाऱ्या शेणातून निघणारे वायू खड्ड्यात साठतात, प्राणवायू उरत नाही, आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. वास येत नाही म्हणून धोका नाही असंही नसतं, कारण त्यातला एक वायू नाकाची जाणीवच मारतो. पडीक विहिरीत स्लरी सोडू नका. ती पाण्यालाही विष आणि माणसालाही. टाकीला कठडा आणि जड झाकण ठेवा, स्लरी ढवळताना पोरांना आणि जनावरांना लांब करा. गाळ काढायचा तर लांब दांड्याने किंवा पंपाने, वरूनच. कोणी पडलंच तर मागोमाग उतरू नका, मग तो सख्खा भाऊ असला तरी. दोर टाका, ११२ ला फोन लावा, आणि बाकीच्यांना धरून ठेवा.