डॅकची निवड : कानाची गरज आणि खिशाची शिस्त

बदलीनिमित्त बंगळुरूच्या हेब्बाळ भागात बिऱ्हाड थाटले तेव्हा निवृत्त वडीलही सोबत आले. सोलापूरच्या घरी सुटलेला कॅसेटचा संग्रह इंटरनेटवरील संगीतसेवेने भरून काढला. परंतु संगणकाला स्पीकर जोडून भीमसेनजींचा राग लावला, की पार्श्वभूमीला बारीक खरखर ऐकू येई. माऊस हलविला, की ती वाढे. वडील काही वेळ ऐकत आणि मुकाट्याने उठून जात.

दुकानदाराने पंचेचाळीस हजारांचा ‘डॅक’ सुचविला. तोही ‘विनाव्याज हप्त्यां’वर. खरेदीपूर्वी थोडा अभ्यास करावा असे ठरविले. त्याचे सार येथे देत आहे.

डॅक म्हणजे काय?

संगीतसेवेकडून येते ती केवळ आकड्यांची मालिका. तिचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करणारे साधन म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, अर्थात डॅक. तो प्रत्येक मोबाइलमध्ये व संगणकात असतोच. ब्लूटूथ स्पीकरमध्ये तर हे रूपांतर स्पीकरच्या आतच होते. तेथे बाहेरचा डॅक घेणे व्यर्थ होय.

आकड्यांचा मोह

१९८२ मध्ये आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी यातून अचूक उभा राहतो. मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपने असून वयोमानानुसार ती घटत जाते. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल, या हिशेबाने १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळील घरात खिडकीतून येणारी वाहतूकच त्यातील सूक्ष्म भाग झाकून टाकते. शिवाय जुन्या ध्वनिमुद्रणातील फितीची सरसर मूळ संगीताचाच भाग झालेली असते. ती कोणताही डॅक काढू शकत नाही.

मग डॅक केव्हा घ्यावा?

संगणकातील अन्य भागांचा विद्युत्‌ गोंगाट ध्वनिमार्गात शिरत असेल, तर बाहेरचा डॅक उपयोगी पडतो. आमचे दुखणे नेमके हेच होते. हेडफोनला पुरेसा जोर मिळत नसेल किंवा अॅम्प्लिफायरला योग्य जोडणी हवी असेल, तरीही तो घ्यावा. विजेच्या जोडणीमुळे घुमणारा आवाज येत असल्यास ऑप्टिकल जोडणी असलेला डॅक पाहावा. त्या तारेतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. स्पीकरच सुमार असतील, तर मात्र पैसा प्रथम तेथे खर्चावा.

तुलना करताना दोन्ही डॅकचा आवाज समान ठेवावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. कोणता डॅक चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नये. आम्ही दुकानात असेच केले. महागड्या डॅकविषयी वडील म्हणाले, “आधी वाटले ते नुसते मोठ्या आवाजामुळे. आता दोन्ही सारखेच.”

हप्त्यांविषयी दोन शब्द

शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते. प्रक्रिया शुल्क किंवा रोखीवर मिळू शकणारी, पण हुकलेली सूट यांत व्याज बहुधा दडलेले असते. म्हणून हप्त्यांची बेरीज व रोख किंमत शेजारी शेजारी मांडूनच निर्णय घ्यावा.

अखेर दोन हजारांच्या आतील छोटा यूएसबी डॅक घेतला. खरखर थांबली. त्या संध्याकाळी वडील डोळे मिटून तासभर बसले होते. राग संपल्यावर एवढेच म्हणाले, “आज तंबोरा ऐकू आला.”

उरलेली रक्कम त्यांच्याच नावे मुदत ठेवीत ठेवली आहे. साधन निवडताना कान आणि हिशेब दोन्ही जागे ठेवावेत, हेच खरे.