सर्वांत मोठे जनावर

आपण भाटघरच्या धरणात घागर बुडवतो. पाण्यात भरलेली घागर हलकी लागते. वर काढली, की हात ओढते. घागर तीच, मग असे का? पाणी तिला खालून उचलून धरत होते. तो आधार सुटला.

जगातले सर्वांत मोठे जनावरही अशाच आधारावर जगते. जमिनीवर हत्ती सर्वांत मोठा. आफ्रिकेतला मोठा नर ६ टन, म्हणजे ६० क्विंटल भरतो. समुद्रातला निळा देवमासा १०० टनांच्याही वर जातो! एवढा देह पायांवर पेलला नसता. पाणी तो पेलते. नाव देवमासा, पण तो मासा नव्हे. तो वर येऊन हवा घेतो, पिलाला दूध पाजतो. खातो मात्र कोळंबीसारखे बोटाएवढे जीव.

जून २०१५ मध्ये असा एक ४२ फुटी देवमासा रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर अडकला. तो जिवंत होता. लोकांनी त्याला समुद्रात लोटण्याची खटपट केली, पण तो वाचला नाही. पाण्याबाहेर अशा जनावराची छाती स्वतःच्याच वजनाने दबते.

आपल्यापैकी पुष्कळजण वरंध घाटाने कोकणात उतरतात. किनाऱ्यावर असे जनावर दिसले, तर गर्दी करू नये. त्याच्या अंगावर चढू नये. त्याची नाकपुडी डोक्यावर असते. तीत पाणी वा वाळू जाऊ देऊ नये. लगेच वन खात्याला कळवावे. देह डोंगराएवढा असला, तरी त्या वेळी ते अगदी लाचार असते.