लहान मुलाच्या हाती टॅब देण्यापूर्वी

पाटी मुलाच्या हाती देण्यापूर्वी शिक्षक ती पुसून घेतात. टॅबच्या बाबतीत मात्र ही साधी काळजी बहुधा विसरली जाते. मोठ्या माणसाने वापरलेला टॅब तसाच पहिलीतल्या मुलापुढे ठेवला जातो आणि मूल भलतेच काही पाहू लागले की त्याला रागावले जाते. वास्तविक त्या वयाचे मूल पडद्यावरील सूचना वाचत नाही. जे हलते व वाजते त्यावर ते बोट ठेवते. दोष असलाच तर तो मांडणीचा होय.

यास्तव प्रथम टॅबवर कोणाचे खाते आहे ते पाहावे. शिक्षकाचे स्वतःचे खाते, निरोपांची व पैशाच्या व्यवहारांची अ‍ॅप ज्या टॅबवर आहेत, तो मुलाला देऊच नये. पुष्कळ टॅबमध्ये सेटिंग्जमधून दुसरा वापरकर्ता निर्माण करता येतो. मुलांसाठी तसा एक करावा व त्यात मोजकीच अ‍ॅप ठेवावीत, चार पुरेत. शाळेच्या टॅबवर मुलाचे नाव, जन्मतारीख वा छायाचित्र भरण्याचे काहीच कारण नाही.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे दाखवावयाचे ते आदल्या दिवशी उतरवून घ्यावे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने टिपला म्हणजे त्या पाठाचे साहित्य मिळते व ते टॅबमध्ये साठवता येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य आहेत. ज्या वाडीवर रेंज मिळत नाही, तेथील शिक्षकांना हे काम तालुक्याच्या गावी उरकावे लागते. तथापि ही अडचण एका अर्थी सोयीचीच म्हणावी लागेल. कारण वर्गात इंटरनेट बंद असले की जाहिराती येत नाहीत आणि एका चित्रफितीमागून दुसरी आपोआप सुरू होत नाही.

म्हणून वर्गात प्रथम विमान मोड सुरू करावा. मग हवे ते अ‍ॅप उघडावे, नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत त्याच्या चिन्हावर दाबून 'पिन' निवडावे. ही सोय सेटिंग्जमधील सुरक्षेच्या भागात आधी चालू करावी लागते. पिन काढताना कुलपाचा क्रमांक विचारला जाईल असे तेथेच ठरवावे. एरवी हुशार मूल दोन दिवसांत ती युक्ती शिकते! आवाज मध्यम व उजेड खोलीला साजेसा ठेवावा.

घरी पालकांनी गूगलचे फॅमिली लिंक वापरावे. त्यातून रोजची वेळ ठरवता येते व नवे अ‍ॅप पालकांच्या संमतीवाचून येत नाही. पालकसभेत आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली असून, त्याहून कमी वेळ अधिक चांगला असेही म्हटले आहे. थोरल्या भावंडाच्या खांद्यावरून पाहणारे धाकटे मूलही या हिशेबात धरावे.

एवढी मांडणी केली तरी मूल एकटेच पाहत बसले, तर ते गप्प होते. आणि पहिलीत बोलणे थांबले की वाचन अडते. शिक्षकाने शेजारी बसावे, चित्र मध्येच थांबवावे, "पुढे काय होईल रे?" असे विचारावे. उत्तर घरच्या बोलीत आले तरी तसेच स्वीकारावे. पंधरा मिनिटांनी टॅब कपाटात ठेवून तीच गोष्ट मुलाकडून सांगवून घ्यावी, आणि त्यातील ससा व कासव पाटीवर काढून घ्यावेत.